गेला म्हणजे कुठे गेला?

वजनमापे खात्यात मी निरीक्षक आहे. एखाद्या दुकानातला तराजू केसभर जरी एका बाजूला झुकत असला, तरी मला तो दारातूनच ओळखू येतो. दुकानदाराला मी त्याच्याही आधी ओळखू येतो, ही गोष्ट वेगळी. सांगायचा मुद्दा असा, की खोटेपणा पकडणं हे माझं पोटापाण्याचं काम. असा माणूस आपल्या सख्ख्या आईला, तिच्या शेजारी बसून, आठवड्यातून दोनदा धडधडीत थापा मारत होता, आणि त्याही एका कोरियन डॉक्टरबद्दल, हे माझ्या ऑफिसात अजून कोणाला माहीत नाही. तुम्हीही आपल्यापुरतंच ठेवा.

आईला या कोरियन आणि चिनी प्रेमाच्या मालिकांचं वेड आमच्या मुलीने लावलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "माणसं दिसतात रे, तोंडं दिसत नाहीत," असं ती सांगायची. त्यामुळे मुलगी खालच्या इंग्रजी ओळी वाचून आजीला मराठीत सांगायची, आजी त्यावर नायकाच्या आईला नावं ठेवायची, आणि दोघींचं झकास चाललं होतं. मग मुलीला नोकरी लागली ती दुसऱ्या शहरात. जाताना तिने माझ्या हातात रिमोट ठेवला आणि म्हणाली, "बाबा, फक्त आजीचं ऑपरेशन होईपर्यंत. ओळ आली की वाचायची आणि सांगायची. तुमची मतं मध्ये घालायची नाहीत."

ही शेवटची सूचना जरा झोंबली. मतं असणं हा काय गुन्हा आहे? डोळे उघडे ठेवून या मालिका बघितल्या, तर मतं आपोआप होतात. पहिलीच मालिका चिनी होती. सगळे पायघोळ पांढऱ्या झग्यांत, ढगांवरून ये-जा करणारे. नायकाचं वय नऊ हजार वर्षं. एवढा अनुभवी माणूस, पण ‘मला तू आवडतेस’ एवढं एक वाक्य बोलायला त्याला चाळीस भाग पुरले नाहीत!

"आणखी किती वय झाल्यावर बोलणार हा?" मी विचारलं.

"एकेकाचा स्वभाव असतो," आई म्हणाली. "तू तरी कुठे बोलला होतास? मीच जाऊन तिच्या आईला विचारलं."

यावर बायको स्वयंपाकघरातून हसल्याचा आवाज आला. मी पुढची ओळ वाचली.

आजच्या काळातल्या मालिका त्याहून कठीण. त्यातला नायक कुठल्या तरी मोठ्या कंपनीचा मालक असतो, पण मी शपथेवर सांगतो, त्याला काम करताना मी एकदाही पाहिलेलं नाही. फाइल उघडतो, खिडकीतून बाहेर बघतो, फाइल मिटतो. नायिका गरीब, इतकी गरीब, की दर भागात नवा कोट. ती जिथे जाईल तिथे घसरते. तिला तो झेलतो आणि मग तेच झेलणं समोरून, उजवीकडून आणि वरून असं तीनदा दाखवतात. तेवढा वेळ दोन माणसं तशी वाकून राहिली तर कमरेत उसण भरायची. मला तर नुसतं बघून भरली होती. बरं, कोणी कोणाला हाक मारून थांबवत नाही, थेट मनगट पकडतात. आणि सगळी मालिका संपत आली की एकदाचं चुंबन. त्यातही नायिका डोळे टक्क उघडे ठेवून उभी, जणू कोणी डोळ्यांत औषधाचे थेंब टाकतंय.

"आता काय म्हणतायत?" अशा वेळी आई हमखास विचारायची.

"काही नाही, बोलतायत."

"इतका वेळ? आवाज तर येत नाही."

"हळू बोलतायत."

माझ्या पहिल्या थापा याच. पण त्या सभ्यतेपोटी होत्या, त्या मी हिशेबात धरत नाही.

खरी भानगड सुरू झाली ती नव्या कोरियन मालिकेपासून. ही आठवड्याला दोन भाग अशी येत होती, त्यामुळे पुढे काय होणार ते जगात कोणालाच माहीत नव्हतं. नावं लक्षात ठेवायची आईला सवय नाही; तिने आपली नावं ठेवली. नायक तो ‘कंपनीवाला’. नायिका ती ‘पोरगी’. आणि पोरगीवर गुपचूप प्रेम करणारा एक डॉक्टर होता, सदा मऊ स्वेटरात, तो ‘स्वेटरवाला’.

या मालिकांत असा एक दुसरा नायक असतोच. तो पोरगीला छत्री देतो आणि स्वतः भिजत जातो. ती आजारी पडली की सूप करून आणतो, आणि दारात कंपनीवाल्याचे बूट दिसले की सूप पायरीवर ठेवून परत फिरतो. माझं स्पष्ट मत होतं, आणि आहे, की पोरगीला अक्कल असती तर तिने याच्याशीच लग्न केलं असतं. आईचंही हेच मत. आयुष्यात पहिल्यांदाच कोणत्याही विषयावर आम्हा दोघांचं एकमत झालं. मी दाखवत नव्हतो, पण भागाच्या दिवशी ऑफिसातून निघताना माझी पावलं जरा भराभर पडायला लागली होती.

हळूहळू श्रोते वाढले. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू कपड्यांना दुमड घालायला आमच्याकडे येऊन बसायला लागल्या. मान खाली, सुई चालू, कान माझ्याकडे. मग खालच्या मजल्यावरच्या बाई. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळी इमारत ‘बाई’च म्हणते. त्यांना इंग्रजी उत्तम. त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त माझं एखादं भाषांतर घसरलं की हलकेच घसा साफ करायच्या. मी लगेच सुधारून घ्यायचो. नोकरीत मी लोकांचे काटे तपासतो. इथे माझा काटा दर भागाला तपासला जात होता.

ऑपरेशनची पहिली तारीख ठरली होती, त्या दिवशी आईला टेबलापर्यंत नेऊन परत आणलं. बीपी भलतंच वाढलेलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "असं असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. आजींनी कसलं टेन्शन घेतलंय?"

"पोरगी गाव सोडून गेली हो डॉक्टर," आई कळवळून म्हणाली. "कोणाला न सांगता. एक बॅग घेऊन."

आदल्या संध्याकाळचा भाग तिच्या मनातून जात नव्हता. पण डॉक्टरांना काय माहीत! त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "सापडेल. हल्ली फोन असतात सगळ्यांकडे. आणि परत आली की रागावू नका." मी मान डोलावली. आता खुलासा करायचा म्हणजे पुन्हा पहिल्या भागापासून सांगायला लागलं असतं. तिथली सिस्टर, दारावरचा रखवालदार, सगळे त्या दिवशी माझ्याकडे पळून गेलेल्या मुलीचा बाप म्हणून बघत होते.

आमच्या खात्यात कुटुंबाच्या औषधोपचारांसाठी आधी मंजुरी लागते. मिळालेली मंजुरी होती त्या गेलेल्या तारखेची. नव्या तारखेला नवी मंजुरी. मी त्या टेबलावरच्या कारकुनासमोर जाऊन उभा राहिलो.

"ऑपरेशन का पुढे गेलं?"

"आईचं बीपी वाढलं."

"का वाढलं?"

"आता का वाढलं म्हणजे... नायिका गाव सोडून गेली."

त्याने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "ही नायिका तुमची कोण? अवलंबितांमध्ये दाखवली आहे का तिला?"

"नाही. ती टीव्हीवरची."

"मग तिच्या जाण्याचा खात्याशी संबंध नाही. वरिष्ठांना विचारावं लागेल."

वरिष्ठ रजेवर होते. ते आले तेव्हा कारकून रजेवर गेला. दोघं एकाच दिवशी टेबलावर सापडेपर्यंत आईला आपल्याच घरातल्या दाराची चौकट लागायला लागली होती. एकदा तिने कोटाच्या खुंटीला "या, बसा," म्हटलं, तेव्हा मला हसू आलं आणि मग आलं नाही. शेवटी मंजुरी मिळाली, तीही या शेऱ्यासह, की यापुढे कारण ग्राह्य धरलं जाणार नाही. म्हणजे या वेळी बीपी वाढलं तर सगळं खलास.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं मीठ बंद करा, कोणी म्हणालं गवतावर अनवाणी चालवा. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर टीव्हीच गच्चीवर नेऊन ठेवा म्हणून सांगितलं, आणि लागलीच, पाहिजे तर माझ्या घरात ठेवा, असंही सुचवलं. मी मालिका बंद करायचा विषय काढला. आईने जेवणाचं ताट बाजूला सारलं. तिचं बीपी मोजलं. ते आणखी वाढलं होतं. विषय संपला. बायकोने बीपीचं यंत्र सोफ्याच्या हातावर कायमचं मांडून ठेवलं आणि मला बजावलं, "ऑपरेशन होईपर्यंत त्या मालिकेत काहीही वाईट व्हायला नकोय."

"ते काय माझ्या हातात आहे?"

"हातात नाही. तोंडात आहे," ती म्हणाली.

आणि नेमका तो भाग आला.

स्वेटरवाला एका बेटावरच्या आजारी लोकांना तपासायला बोटीने निघाला. वादळ सुटलं. पोरगी धक्क्यावर उभी. एक माणूस धावत आला, टोपी काढली आणि काहीतरी म्हणाला. खाली ओळ उमटली. ती मी वाचली, आणि सावरायच्या आत तोंडून शब्द निघून गेला, "गेला!"

"कोण?" आईने विचारलं.

"स्वेटरवाला."

"कुठे गेला?"

मराठी भाषेने माझ्यावर आयुष्यात एवढे उपकार कधी केले नव्हते. या भाषेत माणूस भाजी आणायला जातो तरी ‘गेला’, आणि कायमचा जातो तरी ‘गेला’च. दार दोन्हीकडे उघडं. समोर बायको डोळे वटारून बीपीच्या यंत्राकडे बोट दाखवत होती.

"परदेशी," मी म्हणालो.

"असा अचानक?"

"बोलावणं आलं." हे तर खोटंही नव्हतं.

बाईंनी घसा साफ केला. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

वाटलं होतं, तेवढ्यावर निभावेल. पण दिग्दर्शक माझ्या वाईटावर होता. पुढच्याच प्रसंगात किनाऱ्यावर स्वेटरवाल्याचा एक बूट सापडला. पोरगीने तो छातीशी धरून हंबरडा फोडला.

"ती का रडतेय?"

"बूट विसरून गेला तो."

"एवढा नीटनेटका माणूस," आई म्हणाली, "बूट विसरून जाईल? आणि मग गेला काय घालून? तिकडे थंडी असेल!"

"दुसरे होते त्याच्याकडे."

मग सगळे काळ्या कपड्यांत एका दालनात जमले. मध्यभागी त्याचा मोठा फोटो, भोवती पांढरी फुलं. आईला तोंडं दिसत नव्हती, पण काळा रंग आणि फुलं दिसत होती.

"हे काय आहे?"

"निरोप समारंभ."

"माणूस तर गेला ना आधीच?"

"घाईत गेला, म्हणून समारंभ मागाहून ठेवला. त्याच्या फोटोला."

"आणि हे सगळे खाली डोकं टेकवतायत ते?"

"डॉक्टर आहे. मान असतो."

"हा म्हातारा कोण लोळून रडतोय?"

"वडील. एकुलता एक मुलगा ना."

"मग पाठवायचंच नव्हतं," काकू सुई ओढत म्हणाल्या. आईने त्यांना दुजोरा दिला. बीपी मोजलं. ठीक होतं. मी आतल्या खोलीत जाऊन तोंड धुतलं, आणि तिथे नळ सोडून, कबूल करतो, जरा रडलो. असा माणूस पुन्हा त्या मालिकेत कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला जिन्यात गाठलं. "‘ही इज नो मोअर’ याचं भाषांतर ‘परदेशी गेला’ असं कोणत्या शब्दकोशात मिळालं तुम्हाला?"

"बाई, ऑपरेशन आहे तिचं."

"खोटं बोलणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करत असे."

"मला करा. पण तिला दिसायला लागेपर्यंत थांबा."

बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि परत चढून आल्या. मग म्हणाल्या, "बरं. पण मग निदान नीट खोटं बोला. कोणत्या कामासाठी गेलाय, किती दिवसांसाठी गेलाय, काही ठरवलं आहे का? बूट विसरला म्हणे! पाचवीतला मुलगा याहून बरी थाप मारतो."

त्या दिवसापासून बाईंनी घसा साफ करणं बंद केलं आणि बोलायला सुरुवात केली. स्वेटरवाल्याला शिष्यवृत्ती मिळाली आहे. तिकडे फार मोठं रुग्णालय आहे. खोली बरी आहे, खिडकी पूर्वेला. मी चकित होऊन ऐकत राहायचो. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसात एवढं खोटं शिल्लक असेल, असं मला वाटलं नव्हतं. काकूंनी विचारलं, "तिकडे एखादी मुलगी बघितली का त्याने?" तर बाई म्हणाल्या, "आधी अभ्यास."

पण आई खूश नव्हती. ती गप्प गप्प राहायला लागली, जेवण कमी झालं, आणि एका सकाळी बीपी पुन्हा चढलेलं. ऑपरेशन तोंडावर आलेलं. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्याचा पोचल्याचा फोन नाही आला."

मी कपाळाला हात लावला. मेलेला माणूस जिवंत ठेवला, त्याला परदेशी पाठवला, खोली बघून दिली, शिष्यवृत्ती दिली. आणि पोचल्याचा फोन करायला विसरलो! आईच्या जगात पोचल्याचा फोन आला नाही, तर माणूस पोचलेलाच नसतो.

पुढच्या भागात मी दबा धरून बसलो. कंपनीवाला खिडकीतून बाहेर बघत होता, पोरगी घसरत होती, फोनचा कुठे पत्ता नाही. शेवटी एकदाचा पोरगीचा फोन वाजला. तिची मावशी होती. घरभाड्यावरून तिला झापत होती, आणि पोरगी मुसमुसत ऐकत होती.

"त्याचाच!" मी ओरडलो. "स्वेटरवाल्याचा! पोचला!"

"बाईचा आवाज येतोय," काकू म्हणाल्या.

"परदेशातली लाइन. आवाज बारीक होतो," बाई म्हणाल्या.

"काय म्हणतोय?" आई पुढे सरसावली.

"सुखरूप पोचलो म्हणतोय. सामान नीट आलं. काळजी करू नका म्हणतोय."

"जेवलास का, विचारलं का तिने?"

"विचारलं. जेवला."

आई मागे टेकली आणि मोठा श्वास सोडला. बायकोने यंत्राचा पट्टा तिच्या दंडाला बांधला. आकडा बघून तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की लग्नानंतर असं कौतुक माझ्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं.

माझे मात्र हाल कुत्रं खात नव्हतं. घरात दुखवटा होता आणि तो एकट्या माझा होता. बाजारात एका दुकानाचा काटा तपासताना दुकानदाराच्या अंगात करडा स्वेटर दिसला आणि मी हातातलं वजन तसंच खाली ठेवलं. "साहेब, काही चुकलं का?" तो घाबरून विचारायला लागला. मी त्याला तसाच सोडून बाहेर आलो. जिन्यात बाई भेटल्या की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून नुसती मान हलवायचो.

ऑपरेशनच्या दिवशी आईला दवाखान्याच्या आतल्या खोलीत खाटेवर बसवलं होतं. एका दंडाला बीपीचा पट्टा, आणि सिस्टर डोळ्यांत थेंब टाकत होती. बोलता बोलता मालिकेचा विषय निघाला. सिस्टरचा चेहरा खुलला. "आजी, तुम्हीपण बघता? मी तर तो डॉक्टर गेला ना, तेव्हा दोन दिवस जेवले नाही!"

मी दारात उभा होतो.

"वेडी की काय तू," आई म्हणाली. "येईल की परत."

"परत?" सिस्टरचा हात थेंबांसकट हवेत राहिला. "परत कसा येईल आजी?"

"विमानाने."

मी आईच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं, मग विमानासारखे हात पसरून दाखवले. सिस्टरने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि तिला वाटलं, की म्हातारीने हे मनाला फार लावून घेतलंय. तिने आईचा हात हातात घेतला. "हो आजी. वरून बघत असेल तो आपल्याला."

"विमानातून?" आईने विचारलं.

"हो," सिस्टर डोळे पुसत म्हणाली.

"मग झालं तर. टाक थेंब."

पट्टा फुस्स करून सैल झाला. आकडा उत्तम. आईला आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि बायको एकमेकांना धरून बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "छान झालं." मग जरा वाकून हळूच विचारलं, "मुलगी सापडली का?" मी म्हणालो, "हो. फोन आला होता."

पट्टी निघाली तेव्हा आईने आधी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत राहिली. "तुझे केस कधी रे पिकले?" एवढंच म्हणाली. घरी आल्यावर तिने पडदे, पंखे आणि माझा शर्ट या सगळ्यांवरचे डाग शोधून काढले. दुसरा डोळा काही महिन्यांनी करायचा होता, पण हा एक पुरेसा होता.

मला वाटलं, आता सुटलो, सांगून टाकू. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुढचे काही आठवडे ताण नको, रडणं तर मुळीच नको. आणि त्या काही आठवड्यांतच मालिकेचा शेवटचा भाग येत होता.

त्या संध्याकाळी सगळे आपापल्या जागी. आई मध्ये, काळा चष्मा लावून, ताठ बसलेली. आता तिला तोंडं दिसत होती. काकूंची सुई, बाईंचा हात सोफ्याच्या कडेवर घट्ट, बायको यंत्रापाशी. पडद्यावर ओळ आली, ‘एका वर्षानंतर’. पोरगी हातात फुलं घेऊन एका खोलीत शिरली. भिंतीवर फोटो. तिने फुलं खाली ठेवली आणि उभी राहिली.

"हा त्याचाच ना फोटो?" आई म्हणाली. "किती देखणा आहे रे. मला वाटलं त्याहून."

"हो."

"फोटोला काळी फीत आहे."

काकूंची सुई थांबली, त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून पडद्याकडे बघितलं. मी बाईंकडे बघितलं. बाई छताकडे बघत होत्या. एवढे दिवस मी कसाबसा धरून ठेवलेला माणूस माझ्या हातातून निसटत चालला होता. मी रिमोट खाली ठेवला.

"आई," मी म्हणालो, "तुला एक सांगायचं होतं. तो गेला ना..."

"अहो!" बायको किंचाळली.

पडद्यावरचं दार उघडलं होतं. दारात एक माणूस. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, काठीला टेकून उभा. पोरगीने वळून बघितलं. कॅमेरा त्याच्या तोंडावर समोरून आला, उजवीकडून आला, वरून आला, आणि शपथ सांगतो, त्या दिवशी त्यांनी दहादा दाखवलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

"जिवंत आहे!" मी सोफ्यावरून उडालो. "बाई, जिवंत आहे! अहो, मेला नाही तो!"

बाई माझं मनगट पकडून उभ्या होत्या आणि शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारख्या उड्या मारत होत्या. "बुडाला नव्हता! सांगितलं नव्हतं मी? नव्हता बुडाला!" त्यांनी असं काही सांगितलेलं नव्हतं, पण मी मुळीच अडवलं नाही. मी बायकोला मिठी मारली. काकूंनाही मारणार होतो, पण त्यांच्या हातात सुई होती.

आमचा दंगा ओसरला तेव्हा लक्षात आलं, की काकू आणि आई शांत बसून आमच्याकडे बघतायत.

"ओरडायला काय झालं एवढं?" काकू म्हणाल्या. "परदेशात गेलेला माणूस परत येणारच ना कधीतरी?"

"आणि बुडाला कधी होता तो?" आईने विचारलं.

"नव्हता," मी म्हणालो. "कधीच नव्हता." काय सांगू तुम्हाला, हे वाक्य खरं बोलतोय याचं मला एवढं सुख झालं! त्या क्षणी माझ्या सगळ्या थापांचं वजन पुरं भरलं होतं.

आईने काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे बघितलं. त्या काचांमागे काय चाललं होतं ते मला कळलं नाही. मग ती पडद्याकडे वळली. "बरं, वाच आता. काय म्हणतायत दोघं?"

मी वाचायला गेलो. ओळ होती, अक्षरं होती, पण सगळी पाण्यात. मी डोळे पुसले, पुन्हा भरले. बाईंकडे बघितलं, तर त्या रुमालात तोंड खुपसून बसलेल्या. बायको नाक ओढत होती.

"दिसत नाहीये गं आई," मी म्हणालो.

"राहू दे, राहू दे. बस तू." तिने मला हाताने ओढून शेजारी बसवलं आणि स्वतः जरा पुढे सरकली. "मला दिसतंय. ती म्हणतेय, किती वाळलास. तो म्हणतोय, तिकडचं अन्न मानवलं नाही. ती म्हणतेय, आधी आत ये, दारात काय उभा राहिलास."

काकू सुई खाली ठेवून ऐकत होत्या. पोरगीने त्याचं मनगट धरलं आणि त्याला आत घेतलं.

"आणि आता?" काकूंनी विचारलं.

आईने बघितलं. टीव्हीतून आवाज येत नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली. "हळू बोलतायत."